ऑझचे दोन थोराड अंक

मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकी कॉमिक कंपन्यांनी मिळून काढलेलं पहिलं कॉमिक म्हणजे सुपरमॅन-स्पायडरमॅनचं, असं मीही बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होते. ते १९७६चं. त्याच्या आदल्याच वर्षी दोघांचा ‘एमजीएम्स मार्व्हलस विझार्ड ऑफ ऑझ’ हा ऑझ नावाच्या जादुई देशाच्या सिनेमावरचा अंक येऊन गेला होता. हे कळल्यावर राहवेना, जुनी प्रत मागवलीच.

विकणाऱ्याने ‘स्थिती उत्तम’ लिहिलं होतं. हा ट्रेझरी आकाराचा अंक: दहा इंच रुंद, तेराहून जास्त उंच. पठ्ठ्याने तो नेहमीच्या कॉमिकच्या पाकिटात बसावा म्हणून चक्क दुमडला! मुखपृष्ठावर मधोमध आडवी घडी, वरच्या पिनेभोवती गंजाचा चट्टा आणि मधलं पान सुटलेलं. पैसे परत मिळाले, पण घडी कुठे जातेय.

आता आतलं. लेखन रॉय थॉमसचं, पेन्सिलची चित्रं जॉन बुसेमाची, त्यांवरची शाई टोनी डिझुनिगाची. कोनान या रानटी योद्ध्याचे पिळदार दंड काढणारा बुसेमा उडणाऱ्या माकडांवर तुटून पडलाय, ती पानं मी पुन्हा पुन्हा उघडते. बाकी ठिकाणी मात्र १९३९च्या सिनेमाची इतकी इमाने इतबारे नक्कल आहे की चित्रकार अंग चोरून बसल्यासारखा वाटतो. एल. फ्रँक बॉमच्या मूळ पुस्तकात नायिका डोरोथीचे बूट चांदीचे, इथे सिनेमातल्यासारखे लाल. माझ्या प्रतीत तर छपाई हललीय, त्यामुळे लाल रंग बुटाच्या रेषेबाहेर सांडलाय आणि पान जवळ धरलं की रंगाचे ठिपके मोजता येतात. खरं सांगायचं तर तो सांडलेला लाल मला फार आवडतो.

पण घ्यायचाच असेल तर दुसरा घ्या. ‘मार्व्हल ट्रेझरी ऑफ ऑझ’, तोही १९७५चाच, फक्त मार्व्हलचा. याच्या कथेला सिनेमाचं ओझं नाही, ती थेट बॉमच्या ऑझवरच्या १९०४च्या दुसऱ्या पुस्तकातून उचललेली. चित्रं आल्फ्रेडो अल्काला यांची. मूळ पुस्तकातल्या जॉन आर. नीलच्या चित्रांचा वळसा त्यांनी नेमका पकडलाय, आणि वर स्वतःची बारीक रेघांची वीण घातलीय. भोपळ्याच्या डोक्याचा जॅक आणि लाकडी घोडा बघताना पान उलटायला उशीर होतो. शेवटी कथेतल्या टिप या मुलाचं जे होतं ते सांगत नाही. तिसरा अंकही जाहीर झाला होता, तो निघालाच नाही. ही हळहळ वेगळीच.

पहिल्याला पाचपैकी तीन, दुसऱ्याला साडेचार. अर्धा कापला तो कागदासाठी, कडा बिस्किटासारख्या तुटतात. साध्या कॉमिकच्या पिशव्या यांना होत नाहीत, ट्रेझरी मापाच्याच घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा घाला आणि अंक आडवे ठेवा. उभे ठेवले की पोक काढतात. मागवण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा: पाठवताना दुमडणार नाही ना? मी दुसऱ्या वेळी हे तीनदा विचारलं. माणूस वैतागला असावा, कारण अंक दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये एवढा चिकटपट्टीत गुंडाळून आला की सोडवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.