डबल बास शिकताय? उभं राहायचं की स्टुलावर बसायचं, आणि बोटं कोणत्या पद्धतीने ठेवायची

पुण्यात वाद्य शिकायचं म्हणजे आधी मांडी घालायची. तंबोरा, सतार, तबला, पेटी, सगळं बैठकीवर. व्हायोलिनसुद्धा आपण मांडी घालूनच वाजवतो. त्यामुळे सहा फुटांच्या आसपासचा डबल बास (व्हायोलिनसारखाच दिसणारा, पण जमिनीवर उभा धरायचा खर्जातला बास) घरात आला की सुरांच्याही आधी प्रश्न पडतो तो याला धरायचं कसं हा. (आला तर. आमच्या जिन्याच्या वळणावर तो आणि मी बराच वेळ अडकलो होतो आणि खालच्या आजींनी 'फ्रीज आणलात का?' असं विचारलं होतं.)

दोन्ही पर्याय सर्रास चालतात. जॅझवाले बहुतेक उभे असतात, ऑर्केस्ट्रातले बहुतेक उंच स्टुलावर. पण निवड करताना कोण काय करतं हे बघू नका, एक चाचणी करा. बास नेहमीसारखा धरा आणि डावा हात पूर्ण काढून घ्या. वाद्य जागच्या जागी टेकून राहिलं तर तुमची बैठक बरोबर. ते पडू लागलं तर इतके दिवस तुमचा डावा हात हमालाचं काम करत होता, आणि हमाली करणारी बोटं सुरात पडत नाहीत.

उभं राहून ही चाचणी पास व्हायला वेळ लागतो. बास थोडा आपल्याकडे कललेला असतो, त्याची मागची कड पोटाच्या डाव्या अंगाला कमरेजवळ टेकते आणि डावा गुडघा मागून आधार देतो. हा तोल सापडला की फार छान वाटतं, अंग मोकळं राहतं. एंडपिन (वाद्याच्या तळाची, जमिनीवर टेकणारी सळई) किती बाहेर काढायची, याचा ठोकताळा असा की तारा जिथून सुरू होतात ती वरची पट्टी कपाळाच्या उंचीला यावी. मी मात्र उजवा हात आधी बघतो. गज धरून हात सैल सोडला की गज फिंगरबोर्डचं (तारांखालच्या लांब फळीचं) टोक आणि तारा टेकतात ती घोडी यांच्या मधे पडला पाहिजे. त्यासाठी वाकावं लागत असेल तर एंडपिन वाढवा, मग पट्टी कपाळाच्या वर गेली तरी चालेल.

स्टुलावर वाद्य मांडीला आणि पोटाला टेकतं, डावा हात पहिल्याच दिवशी मोकळा होतो. म्हणून मला विचाराल तर पहिले सहा महिने स्टूल. त्याचा तोटा कमरेला भोगावा लागतो: डावा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर आणि उजवा जमिनीवर ठेवून तासभर बसलं की पाठीला पीळ पडतो. स्टूल साधारण ७० ते ७५ सेंमी उंच लागतं, पण उंची तुमच्या पायांवर ठरते. दोन्ही पाय लोंबकळत असतील तर उभं राहिलेलं बरं. जुन्या बाजारातून लाकडी स्टूल आणून सुताराकडून पाय कापून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. आणि बसा किंवा उभे राहा, घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर एंडपिनखाली रबरी पायपुसणं हवंच.

आता बोटं. इथे मतभेद जास्त आहेत.

नेहमीच्या बासची तार घोडीपर्यंत साधारण १०५ सेंमी असते. वरच्या टोकाला एका अर्ध्या स्वराचं अंतर जवळजवळ ६ सेंमी भरतं. बास गिटारवरून येणारे (पुण्यात बहुतेक तसेच येतात, कारण तारा त्याच) प्रत्येक अर्ध्या स्वराला एक बोट लावू पाहतात. बास गिटारवर त्यासाठी पंजा १३ सेंमी ताणावा लागतो, इथे १६. जमतं काहींना, पण नवख्याने या फंदात पडू नये.

व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रांट्स सिमांडल (१८४०–१९१२) यांच्या पद्धतीत तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात. अनामिका करंगळीला जोर देते. ताण ११ सेंमीच्या आत राहतो. आपल्या भाषेत, तर्जनीवर सा मानला तर मधल्या बोटाखाली कोमल रे आणि करंगळीखाली शुद्ध रे. याचा तोटा असा की हात सारखा वर-खाली न्यावा लागतो, आणि पोझिशन्सची (तारेवर हात ठेवायच्या ठरलेल्या जागांची) नावं पाठ करता करता गाणं मागे पडतं.

१९३१ साली सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेल्या बासवादक फ्रान्स्वा राबात यांनी सगळा फिंगरबोर्ड सहाच पोझिशन्समध्ये बसवला. अंगठा जागेवर ठेवून त्याच्याभोवती पंजा झुकवायचा, म्हणजे हात न सरकवता एखादा जास्त स्वर मिळतो. ऐकायला सोपं, पण त्यासाठी अंगठा आधीच सैल असावा लागतो. तेवढ्यासाठी मी सुरुवात सिमांडलने करायला सांगतो आणि राबातकडे वर्षभराने वळा म्हणतो. शिक्षक राबात पद्धतीचाच मिळाला तर मात्र त्याच्याशी वाद घालू नका.

दोन्ही पद्धतींत अंगठा वाद्याच्या मानेच्या मागे, मधल्या बोटासमोर. कोपर लोंबू द्यायचं नाही. तार चिमटीत दाबायची नसते, हाताच्या वजनाने मागे ओढायची असते. अंगठा उचलून एक स्वर वाजवून बघा, निघाला पाहिजे.

सुरासाठी तंबोऱ्याचं ॲप पांढरी दोनला लावा. बासच्या तारा पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेचा मध्यम. पांढरी दोनची तार मोकळी सोडली की सा, तर्जनीने रे, हात न हलवता करंगळीने ग, आणि शेजारची मोकळी तार म. रोज दहा मिनिटं एवढंच. करंगळी दमली तर दमू द्या, पण अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर तिथेच थांबा आणि हात काढून घ्यायची ती चाचणी पुन्हा करा.