डोळ्यांशिवाय वेबसाइट बनवताना: दोन टूल्सवर मिळून आठ महिन्यांचा अनुभव

आधी एवढं सांगते की मी पूर्ण अंध आहे, विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते आणि माऊसला हात लावत नाही. माझ्या ऑडिओ गोष्टी आणि त्यांचा लेखी मजकूर ठेवायला मला स्वतःची साइट हवी होती, आणि ती मीच बनवायची होती, कारण आधी दुसऱ्याकडून बनवून घेतलेली साइट चार वर्षं सांभाळली आणि त्यात एक ओळ बदलायची म्हटली तरी कुणाची तरी सवड बघत बसायला लागायचं. पहिले अडीच महिने एका ड्रॅग अँड ड्रॉप बिल्डरवर काढले, त्याचं नाव घेत नाही, आणि नंतरचे साडेपाच महिने वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर.

बिल्डरची जाहिरात होती, कोडिंग नको, फक्त उचला आणि ठेवा. आता उचलायला वस्तू दिसायला पाहिजे आणि ठेवायला जागा दिसायला पाहिजे, पण म्हटलं कीबोर्डचा काहीतरी मार्ग असेलच. टॅब दाबत गेले तर बटण, बटण, बटण, एवढंच ऐकू येतंय, कशालाच नाव नाही. एकेक दाबून बघितलं आणि वहीसारखी एक टेक्स्ट फाइल केली, तिसरं बटण फोटोचं, सातवं पूर्ववत करायचं, अकराव्याला हात लावायचा नाही कारण त्याने अख्खा सेक्शन उडतो. महिन्याभराने अपडेट आलं, बटणांचा क्रम बदलला आणि ती फाइल फुकट गेली.

पण खरा फटका वेगळाच बसला. पान प्रसिद्ध करून मी ते स्क्रीन रीडरने दोनदा वाचलं, हेडिंग, मग ओळख, मग प्ले बटण, मग फोटो, सगळं जागच्या जागी. तीन आठवड्यांनी एका श्रोत्याने फोन करून विचारलं की गोष्ट ऐकायची कुठून, फोटो तर बटणावरच बसलाय. असं होतं कारण अशा बिल्डरमध्ये प्रत्येक वस्तू पडद्यावर कुठे दिसणार ते वेगळं ठरतं आणि स्क्रीन रीडर मात्र कोडमधला क्रम वाचतो. मला जे नीट ऐकू येत होतं ते बघणाऱ्यासाठी एकावर एक चढलेलं होतं आणि मला ते कळायचा त्या टूलमध्ये एकही मार्ग नव्हता.

मी सपोर्टला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या साइटवर आमचं अॅक्सेसिबिलिटी विजेट बसवा, म्हणजे तुमच्या अंध वाचकांची सोय होईल. मी परत लिहिलं की वाचकाचा प्रश्न नाहीये, साइट बनवणारी मीच अंध आहे, एडिटर मला चालवता येत नाहीये. परत तेच विजेट. त्या दिवशी मी खूप चिडले होते आणि अजूनही मला ती गोष्ट साधी वाटत नाही. अंध माणूस वाचायला येईल हे त्यांना सुचतं, तो लिहायला, बनवायला येईल हे सुचतच नाही.

आणि हे कुणी लिहून ठेवलं नाही असंही नाही. अपंगांनाही वापरता यावी म्हणून वेबसाइट कशी असावी याचे डब्ल्यूसीएजीचे नियम बऱ्याच जणांना माहीत असतात, पण ज्या साधनांनी साइट बनते त्यांच्यासाठी डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या त्याच संस्थेची वेगळी नियमावली आहे, एटॅग. पहिली आवृत्ती २००० सालची, दुसरी सप्टेंबर २०१५ ची. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात म्हटलंय की टूल स्वतः अपंग व्यक्तीला वापरता आलं पाहिजे, दुसऱ्यात की त्या टूलने सगळ्यांना वापरता येईल असा मजकूर बनवायला मदत केली पाहिजे. मला जे उत्तर मिळालं ते फार तर दुसऱ्या भागाच्या आसपासचं होतं, पहिला भाग त्यांच्या गावीच नव्हता.

मग वर्डप्रेस. ओळखीच्या अंध मंडळींनी सांगितलं होतं की ब्लॉक एडिटरच्या, म्हणजे पान तुकड्यातुकड्यांनी बनवायच्या नव्या एडिटरच्या, नादी लागू नको, क्लासिक एडिटरचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाक आणि जुन्यावरच काम कर. त्यामागे इतिहास आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला, त्याच्या दोनच महिने आधी ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेसच्या अॅक्सेसिबिलिटी टीमच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी पद सोडलं होतं, आणि २०१९ मध्ये वर्डप्रेसशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल जाहीर झाला, त्यात बऱ्याच अडचणी नोंदवल्या होत्या. पण तेव्हाचा एडिटर आणि आत्ताचा यात फरक आहे. मी महिनाभर क्लासिक वापरलं, मग ब्लॉककडे गेले आणि तिथेच राहिले.

राहिले त्याचं मुख्य कारण म्हणजे इथे वस्तू उचलून ठेवायची नसते, ती एका यादीत असते. शिफ्ट ऑल्ट ओ दाबलं की पानातल्या सगळ्या ब्लॉक्सची यादी उघडते, वरखाली बाण फिरवत जायचं, परिच्छेद, हेडिंग, ऑडिओ, चित्र असं ऐकत जायचं आणि हवं तिथे एंटर. ब्लॉक वर सरकवायचा तर कंट्रोल शिफ्ट ऑल्ट टी, खाली न्यायचा तर त्याच तिघांबरोबर वाय. नवा ब्लॉक हवा असेल तर रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ देऊन नाव टाइप करायचं. ब्लॉकच्या टूलबारवर जायला ऑल्ट एफ१०, एडिटरच्या एका भागातून पुढच्या भागात जायला शिफ्ट ऑल्ट एन. आणि यातलं काही विसरलं तर शिफ्ट ऑल्ट एच, त्याने शॉर्टकटची अख्खी यादी समोर येते. पहिला आठवडा सवय होण्यात गेला, त्यातही एनव्हीडीएचा ब्राउझ मोड (वाचत फिरायचा) आणि फोकस मोड (टाइप करायचा) यांची अदलाबदल, इन्सर्ट स्पेस, ही बोटांत बसायला लागते, नाहीतर एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर जायच्या ऐवजी मजकुरात एच उमटतो.

थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, निवडताना घाई करू नका. वर्डप्रेसच्या थीम डिरेक्टरीत फीचर फिल्टरमध्ये अॅक्सेसिबिलिटी रेडी असा टॅग आहे, तो लावूनच शोधा. मी साधी एका कॉलमची थीम घेतली, एकाखाली एक असा मजकूर असला की फोटो बटणावर चढण्यासारखे प्रकार होत नाहीत.

रंगांबद्दल मला बरेच जण विचारतात की तू रंग कसे ठरवतेस. आकड्यांनी. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो, आणि दोन रंगांचे कोड टाकले की हा आकडा काढून देणारी कॅल्क्युलेटर्स आहेत. पांढऱ्यावर करडा रंग घ्यायचा तर सहा वेळा ७ असा कोड ४.४८ देतो म्हणजे नापास, आणि ७६७६७६ दिलं तर ४.५४, पास. या एका बाबतीत मला कुणाच्याच डोळ्यांची गरज पडत नाही, आणि मला त्याचा खूप आनंद आहे.

मांडणी मात्र आकड्यांत मावत नाही. त्यासाठी मी पानाचा स्क्रीनशॉट बी माय आयज या अंधांसाठीच्या अॅपमधल्या एआयला देते, ही सोय २०२३ मध्ये आली. नुसतं वर्णन कर म्हटलं तर ते छान छान बोलतं, म्हणून नेमके प्रश्न विचारायचे, कुठली अक्षरं कापली गेलीत का, फोटो कशावर आलाय का, बटण पूर्ण दिसतंय का. तरी महिन्यातून एकदा मैत्रिणीकडून तिच्या मोबाइलवर बघून घेते, कारण बारीक गोष्टी एआयकडून सुटतात, एकदा मेनूचा शेवटचा शब्द दुसऱ्या ओळीवर गेला होता तो तिनेच सांगितला.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघा. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. तसं केलं की पानाच्या कोडमध्ये मराठीची खूण जाते आणि ज्याच्या स्क्रीन रीडरमध्ये भाषा आपोआप बदलायची सोय चालू आहे त्याला मराठी आवाज मिळतो. माझी सुरुवातीला इंग्रजी राहिली होती आणि एका अंध वाचकाला माझी गोष्ट इंग्रजी आवाजात अडखळत ऐकायला लागली, मला फार वाईट वाटलं.

प्लगिनच्या बाबतीत सावध राहा, मूळ एडिटर कितीही नीट असला तरी प्लगिनवाल्याने स्वतःची वेगळी खिडकी उघडली की परत तेच, नाव नसलेली बटणं. संपर्काच्या फॉर्मसाठी मी तीन टाकून काढली, चौथं राहिलं.

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा देऊन, लिहून त्या फाइल्सची पानं करणाऱ्या ह्यूगोसारख्या टूलने साइट बनवायचा मार्गही आहे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हॅश दिलं की हेडिंग, त्यामुळे लिहिण्यात अडथळा जवळपास नसतोच. ज्यांना कमांड लाइनची भीती नाही त्यांनी जरूर बघावं. मला फोनवरूनही पोस्ट टाकायची असते म्हणून मी तिकडे गेले नाही.

कुठलंही टूल घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी ट्रायलमध्ये माऊस बाजूला ठेवून एवढं करून बघा, एक हेडिंग टाका, एक चित्र ऑल्ट टेक्स्टसकट, म्हणजे त्याच्या लेखी वर्णनासकट, टाका, ते हेडिंगच्या वर न्या, परत खाली आणा, पूर्ववत करा आणि प्रसिद्ध करा. बिल्डरवर मला चित्र वर नेता आलंच नव्हतं, आणि हे मला अडीच महिन्यांनी नाही, पहिल्या अर्ध्या तासात कळू शकलं असतं. वर्डप्रेसवर हे सगळं आता मी चार-पाच मिनिटांत करते, परवाची गोष्ट रात्री साडेअकराला टाकली, कुणालाही न उठवता.