रायझन ५ ५६०० की कोअर आय५ १२४००? लग्नसराई पार पडल्यावरचा अनुभव

अकोल्यात आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे आणि एडिटिंगची दोन टेबलं आहेत. एकावर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, दुसऱ्यावर इंटेलचा कोअर आय५ १२४००. दोन्ही पीसींत ३२ जीबी डीडीआर४ रॅम आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आहे. बाकीचा ऐवज सारखा असल्यामुळे प्रोसेसरने नेमका काय फरक पडतो ते आमच्याकडे स्वच्छ दिसतं. लग्नं, प्री-वेडिंग, अल्बम डिझाइन आणि काम संपल्यावर मुलांचे गेम, सगळं या दोघांवर झालंय. नवीन पीसी बांधणारे बरेच जण याच दोन नावांपाशी अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोघंही २०२२ चे. १२४०० जानेवारीत आला, ५६०० एप्रिलमध्ये. दोघांना ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ. एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) रायझनला ३२ एमबी, इंटेलला १८. बाजारात आले तेव्हा किंमत अनुक्रमे १९९ आणि १९२ डॉलर होती. फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं लावताना किंवा लाइटरूममधून लग्नाचे फोटो एक्सपोर्ट करताना आपण कुठल्या टेबलावर बसलोय हे खरंच कळत नाही. फिल्मचं एक्सपोर्टही ग्राफिक्स कार्डच्या एन्कोडरवर जातं, त्यामुळे तिथेही दोघं जवळपास बरोबरीत.

खरा फरक पडतो तो टाइमलाइनवर, म्हणजे फुटेज लावून कापतो त्या पट्टीवर. आमचा मुख्य कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (व्हिडिओ खूप दाबून साठवणारा फॉरमॅट) रेकॉर्ड करतो. यात रंगाची माहिती जास्त राहते, त्यामुळे हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये ताणला तरी फाटत नाही. पण हे दाबलेलं फुटेज चालवताना उलगडायला (डिकोड करायला) जड. एनव्हिडियाच्या कार्डांना २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत ४:२:२ हार्डवेअरवर उलगडताच येत नव्हतं. म्हणजे आमचं ३०६० या कामापुरतं नुसतं बसून असतं, आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. रायझन ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, तेव्हा त्याचे सहाही कोअर हे फुटेज उलगडण्यातच गुंततात. इंटेल १२४०० मध्ये यूएचडी ७३० नावाचं छोटंसं ग्राफिक्स आहे. गेमसाठी ते कुचकामी, पण त्यातल्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या भागात एचईव्हीसी ४:२:२ साठी वेगळं सर्किटच आहे आणि प्रीमिअर प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते वापरतं.

मंगलाष्टकांचं तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम घ्या. इंटेलच्या टेबलावर तिन्ही अँगल एकत्र चालतात. अक्षता पडण्याच्या क्षणी नेमकं नवरीवर कट करायचं असेल तर प्लेहेड मागे-पुढे ओढला की चित्र लगेच हाताबरोबर येतं. रायझनच्या टेबलावर तेच फुटेज टाकलं की चित्र थांबतं, आवाज पुढे निघून जातो आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांवर चिकटलेला दिसतो. तिथे आम्ही आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून घेतो, मग सगळं लोण्यासारखं चालतं. पण मोठ्या लग्नाच्या प्रॉक्सी व्हायला वेळ लागतो, वर हार्ड डिस्कची जागाही जाते. सलग तारखा असल्या आणि नवरीकडून हायलाइटसाठी फोन सुरू झाले की तो वेळ जड जातो. अर्थात फुटेज एच.२६४ या दुसऱ्या फॉरमॅटमधलं ४:२:२ असेल तर १२४०० चं क्विक सिंकही कामाला येत नाही. आणि साध्या ८-बिट ४:२:० फुटेजला ३०६० च पुरेसं असल्यामुळे हा मुद्दाच उरत नाही. आपला कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते मेनूत बघून मगच प्रोसेसर ठरवा.

इथे एक गोष्ट दुकानात ठासून सांगा: १२४०० हवा, १२४००एफ नको. एफवाल्यात ते छोटं ग्राफिक्स बंद असतं. सुरुवातीच्या किमतींत दोघांमध्ये २५ डॉलरचाच फरक होता आणि गेमिंगसाठी एफ घेणं बरोबरच आहे. पण एडिटरने ते पैसे वाचवले तर इंटेल घेण्याचं मुख्य कारणच निघून जातं. शिवाय वेगळं कार्ड बसवलं की काही मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं, नाहीतर चांगला प्रोसेसर असूनही टाइमलाइन अडखळत राहते. असेंबल करून देणारे बहुतेक जण हे बघत नाहीत, आपणच बघायचं.

आता आमचा उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४ च्या वर जातो आणि एडिटिंगच्या खोलीत कूलरची हवा असली तरी दुपारी पीसी तापतोच. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे म्हणून विकले जातात. इंटेल थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, तरी सोबतच्या पंख्यावर तो निभावून नेतो. रायझनसोबतचा रेथ स्टेल्थ पंखा मात्र प्रॉक्सी करताना खूप आवाज करायचा आणि तापमान ८५ अंशांच्या पुढे जायचं. वीज फार खातो असं नाही. कोअर ज्या चिपवर आहेत ती इतकी लहान आहे की उष्णता एकाच जागी साठते. विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी ५६०० घेताना प्रोसेसरवर बसवायच्या चांगल्या टॉवर कूलरचे पैसे हिशेबात धरावेतच. आम्ही तो बसवल्यापासून ते टेबल शांत आहे.

कूलर बदलताना एक काळजी घ्या. एएम४ मध्ये (रायझनच्या या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरला असतात आणि कूलरखालची पेस्ट सुकलेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. थोडा वेळ पीसी चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडवावेत आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचलावा. सरळ वर ओढू नये. इंटेलच्या पिना सॉकेटमध्ये असल्याने ती भीती नाही, पण तिथे बोर्ड जपावा लागतो.

काम नसताना रायझन थोडी जास्त वीज घेतो, कारण त्याचा इनपुट-आउटपुटचा भाग वेगळ्या, जुन्या पद्धतीच्या चिपवर आहे. बिलावर फरक नगण्य. वीज गेल्यावर यूपीएसवर तग धरताना इंटेलचं टेबल किंचित पुढे राहतं एवढंच.

गेमबद्दल थोडक्यात: ३०६० सोबत १०८० पी वर दोघांत निवडण्यासारखं काही नाही.

मग रायझन घ्यावाच का? घ्यावा, आणि त्याचं कारण बोर्ड. एएम४ सॉकेट रायझनसाठी २०१७ पासून चालू आहे. ज्यांच्याकडे एएम४ चा जुना बी४५० बोर्ड आणि जुना रायझन २६०० प्रोसेसर पडून आहे, त्यांनी बायॉस अपडेट करून ५६०० टाकला की बोर्ड, रॅम काहीच न बदलता पीसीचा कायापालट होतो. इंटेलकडे यायचं तर बोर्ड नवा घ्यावाच लागतो. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशातून पडत नाही, आणि कॉलेजच्या मुलांना मी ठामपणे हाच सल्ला देते. फक्त बी४५० वर पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडायचा मार्ग) ३.० मिळतं, वेगवान ४.० नाही. पुढे त्याच बोर्डावर १२ कोअरचा ५९००एक्स किंवा गेमसाठी ९६ एमबी कॅशेचा ५८००एक्स३डी बसतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १४ व्या पिढीच्या प्रोसेसरपर्यंत जाता येतं, पण स्वस्तातला एच६१० बोर्ड घेतला असेल तर मोठे प्रोसेसर त्याला झेपतीलच असं नाही.

रॅमकडेही लक्ष द्या. रायझनला ३६०० वेगाची रॅम मानवते, कारण तिच्या निम्म्या वेगाने, १८०० वर, त्याची आतली जोडणी जुळते. एच६१० बोर्ड डीडीआर४ ला ३२०० च्या पुढे जाऊच देत नाही. आणि रॅम कुठलीही असो, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या वेगाचं सेटिंग) चालू केल्याशिवाय ती बहुधा लिहिलेल्या वेगाने धावत नाही.

आमच्याकडे आता मल्टिकॅम आणि मोठी लग्नं इंटेलच्या टेबलावर जातात. अल्बम, फोटो आणि ८-बिट ड्रोन फुटेज रायझनवर. तिसरं टेबल टाकायचं ठरलंय, त्यासाठी पुन्हा अंगच्या ग्राफिक्सवालाच इंटेल घेणार आहे.