सेंटओएस ७ सोडून आल्मालिनक्स ९: वर्षभराच्या वापरानंतर, आणि सर्व्हर नेमका कधी बदलावा याविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या लहान संस्थांच्या वेबसाइट मी सांभाळतो. सौहार्द सहकारी संस्था, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, शाळा, एक वाचनालय, स्थानिक बातम्यांचं एक पोर्टल, कुंदा पार्सलनं पाठवणारं एक दुकान, ऊस वाहतुकीचा हिशेब ठेवणारे एक ठेकेदार. सगळं मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरमधल्या आभासी मशीनवर). २०२४ च्या उन्हाळ्यात हा सगळा संसार सेंटओएस ७ वरून आल्मालिनक्स ९ वर हलवला (दोन्ही सर्व्हरसाठीच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम). त्यानंतर गणेशोत्सव, दिवाळी, ऊस हंगाम आणि मार्चअखेर असं अख्खं वर्ष त्यावर निघालं. त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

आल्मालिनक्स ९ चांगली आहे, मी समाधानी आहे, आणि छोट्या होस्टिंगसाठी ती घ्या असंच सांगेन. पण मला फोन करणारे बहुतेक जण ‘कुठली सिस्टीम घ्यायची’ एवढंच विचारतात. माझ्या अनुभवात त्रास होतो तो ‘कधी’ चुकल्यामुळे. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

एका सौहार्दचे मॅनेजर मला म्हणाले होते, “चालतंय की ओ, कशाला हात लावतासा?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावू नये. सेंटओएस ७ जुलै २०१४ मध्ये आली तेव्हा तिच्यात अपाची (वेबसर्व्हर) २.४.६, पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) ५.४, मारियाडीबी (डेटाबेस) ५.५ आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३.१० होतं. दहा वर्षांनीही हे आकडे तेच होते. बाहेरून तपासणी करणारं सॉफ्टवेअर हे आकडे बघून लाल शेरे मारतं आणि संस्थेचे संचालक घाबरतात. पण ज्या कंपनीच्या सिस्टीमवरून सेंटओएस बनायची त्या रेड हॅटची पद्धत अशी की आवृत्ती तीच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्याच जुन्या पॅकेजमध्ये बसवायच्या. आकडा जुना, आतली दुरुस्ती ताजी. त्यामुळे दुरुस्त्या येत होत्या तोवर मॅनेजरसाहेबांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि मीही त्यांची मुदत संपत येईपर्यंत हात लावला नाही.

दुरुस्त्या थांबल्या ३० जून २०२४ ला. त्यानंतर सेंटओएसच्या मिररची (पॅकेजं उतरवून घ्यायच्या सर्व्हरची) यादी देणारा पत्ताच सापडेना, आणि ‘यम अपडेट’ हा अपडेटचा आदेश दिला की थेट चूक दाखवली जाऊ लागली. जुनी पॅकेजं व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यात ठेवलेली आहेत, तिकडे वळवून ती मिळतात, पण नवीन काही येत नाही.

योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ ला, सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमधलं ‘रिग्रेशन’ नावानं गाजलेलं भगदाड जाहीर झालं (सीव्हीई-२०२४-६३८७). ते ८.५ ते ९.७ या आवृत्त्यांत होतं. सेंटओएस ७ मध्ये ७.४ आवृत्ती, म्हणजे ती सुटली. आणि आम्ही नुकतीच घेतलेली ९ सापडली. तेव्हा मला ऐकवलं गेलं की बघा, जुनं तेच बरं होतं. मला हा युक्तिवाद आजही पटत नाही. ९ साठी दुरुस्ती लगेच आली, बसवली, एसएसएच सेवा रीस्टार्ट केली, काम संपलं. तेच भगदाड ७ मध्ये निघालं असतं तर दुरुस्ती पाठवणारं कुणी उरलेलं नव्हतं. भगदाडं सगळीकडे निघतात. त्या दिवशी तुमच्या पाठीशी कुणी आहे का, एवढंच बघायचं असतं.

पैसे घेऊन ७ च्या दुरुस्त्यांना मुदतवाढ देणाऱ्या कंपन्या आहेत. वर्षभरात कायमच्या बंद होणाऱ्या मशीनसाठी ती घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी तेवढे पैसे नव्या मशीनवर घालावेत.

आता उलटी बाजू, घाईची. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली, २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलं गेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार. ज्यांनी उत्साहानं ८ वर उडी मारली त्यांना दोन वर्षांत दुसऱ्यांदा घर बदलावं लागलं, आणि ७ वर शांत बसलेले २०२४ पर्यंत निवांत होते. त्या गोंधळातूनच आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. आल्माची ८ मार्च २०२१ मध्ये आली, ९ मे २०२२ मध्ये. आम्ही ९ घेतली तेव्हा ती दोन वर्षांची झाली होती, ९.४ पर्यंत पोचली होती, आणि अडचण आली की उत्तर आधीच कुणीतरी शोधून ठेवलेलं असायचं. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवाले तर हे थांबणं सिस्टीममध्येच घालून ठेवतात: २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २२.०४ वाल्यांना अपग्रेडचं आमंत्रण मिळालं ते ऑगस्टअखेर २४.०४.१ आल्यावर. म्हणून माझा नियम असा झालाय: नवी आवृत्ती किमान वर्षभर मुरू द्यायची, आणि जुनीची मुदत संपायच्या काही महिने आधी कामाला लागायचं.

या दोन तारखांच्या मधला नेमका दिवस कंपनीच्या कॅलेंडरात सापडत नाही. तो ग्राहकाच्या गावात सापडतो, आणि इथेच मी सर्वांत जास्त वेळ घातला. सौहार्द संस्थांना मार्चअखेरपर्यंत बोट लावायचं नाही, आणि एप्रिलचे पहिले आठवडेही हिशेब जुळवण्यात जातात, त्यांच्यासाठी एप्रिलअखेर. शाळांची सुट्टी एप्रिल-मे, पण दहावीचा निकाल आणि नवे प्रवेश अंगावर यायच्या आत. ऊसवाले ठेकेदार गाळप सुरू असेपर्यंत फोनवरही नीट बोलत नाहीत. हंगाम संपून टोळ्या परत गेल्या की ते मोकळे. शिवजयंती आपल्याकडे वैशाखात, चित्ररथ निघतात तेव्हा मंडळाच्या पानांवर गर्दी असते, ते दिवस सोडले. बातम्यांच्या पोर्टलचा प्रश्न सगळ्यात अवघड होता, कारण त्या वर्षी ७ मे ला बेळगाव आणि चिकोडीत लोकसभेचं मतदान आणि ४ जूनला निकाल. निकालाच्या रात्रीपर्यंत ते पोर्टल जुन्याच मशीनवर ठेवलं आणि नंतर हलवलं. कुंद्याचं दुकान लग्नसराई ओसरल्यावर, मृगाचा पाऊस सुरू झाला तेव्हा. एकाच कामाला इतके वेगवेगळे मुहूर्त लागले, पण एकाही ग्राहकाचा धंद्याच्या दिवसात खोळंबा झाला नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

अपग्रेड म्हणजे चालू मशीनवरच नवी सिस्टीम चढवणं, असं पुष्कळांना वाटतं. आल्माचं ‘एलिव्हेट’ नावाचं साधन ते करतं, पण ७ वरून आधी ८, मग ८ वरून ९, अशा दोन उड्या घ्याव्या लागतात. शिवाय सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) असेल तर ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ११०. तिथून पुढे जायचं तर सिस्टीम बदलणं आलंच. मी सगळीकडे शेजारी नवीन मशीन उभी केली, साइट तिकडे नेली, ग्राहकाला दाखवली आणि मग डीएनएस (साइटचं नाव मशीनच्या पत्त्याशी जोडणारी नोंद) वळवलं. वळवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणला की बदल लवकर पसरतो. जुनी मशीन पुढे महिनाभर भाडं भरून ठेवली. हा खर्च ग्राहकांना आधी सांगावा लागतो, पण परतीची वाट उघडी राहते.

नवीन मशीन घेताना एक गोष्ट बघा. ९ ला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो. एका व्हीपीएसवाल्याकडे खरा प्रोसेसर नवा होता, पण व्हर्च्युअल मशीनला तो जुना म्हणूनच दिसायचा, त्यामुळे ९ सुरूच होईना. त्यांनी सेटिंग बदलल्यावर चालली. पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या.

सगळ्यात जास्त काम डेटाबेसनं दिलं, आणि मराठी-कन्नड मजकुरामुळे ते आपल्या भागात जरा जास्तच आहे. जुन्या साइटच्या टेबलांवर लॅटिन-१ (रोमन अक्षरांसाठीची जुनी साठवण पद्धत) असा शिक्का होता, पण आत भरलेला मजकूर यूटीएफ-८ (सर्व लिपींसाठीची पद्धत) मराठी. नेहमीसारखा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेतला की तो मजकूर दुसऱ्यांदा रूपांतरित होतो आणि नव्या मशीनवर नावांच्या जागी परकी चिन्हं दिसतात. उपाय म्हणजे डंप घेतानाच लॅटिन-१ कॅरेक्टर सेट सांगायचा, आणि आत चढवताना यूटीएफ-८-एमबी४ म्हणून चढवायचा. हे चाचणीच्या मशीनवर आधी करून बघा, थेट नको.

दुसरं असं की मारियाडीबी १०.२ पासून ‘स्ट्रिक्ट’ पद्धत आपोआप चालू असते. ५.५ मध्ये रकान्यात न मावणारा मजकूर गुपचूप कापला जायचा. आता नोंदच नाकारली जाते. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, त्यामुळे ३० अक्षरांच्या रकान्यात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव बऱ्याचदा मावत नाही. एका संस्थेच्या सभासद यादीत कितीतरी आडनावं अर्धवट होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच छापली जात होती. काही जण ही स्ट्रिक्ट पद्धत बंद करून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. रकाना मोठा करा. माणसाचं नाव पूर्ण उमटलं पाहिजे.

वाचनालयाची पुस्तकसूची पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर होती. इथे ज्यांना जागेवरच अपग्रेड करायचं आहे त्यांना गंभीर सूचना: जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले. ७ मध्ये २.१७ आहे, ८ मध्ये २.२८. डेटा फायली जशाच्या तशा पुढे नेल्या तर मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) नव्या क्रमाशी जुळत नाहीत आणि असलेलं पुस्तक शोधात सापडत नाही. सगळे इंडेक्स नव्यानं बांधावे लागतात. डंप घेऊन पुन्हा चढवलं की ते आपोआप नवे बनतात. नवीन मशीनचा मार्ग मला आवडण्याचं हेही एक कारण.

ग्राहकांच्या बाजूनं तक्रारी आल्या त्या मुख्यतः जुन्या कॉम्प्युटरवरून. ९ मध्ये टीएलएस (जोडणी कूटबद्ध करायची पद्धत) १.० आणि १.१ बंद असतं, एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्याही चालत नाहीत. खेड्यातल्या शाखांमध्ये विंडोज ७ वरचं आउटलुक मेल घेईना, आणि एका डिझायनरचं जुनं फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर लॉगिन होईना. सर्व्हरचं कुलूप सैल करण्यापेक्षा मी त्या त्या शाखेत बसून कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर बदललं. वेळ गेला, पण पैशाचे व्यवहार असलेल्या संस्थेत दुसरा मार्ग मला योग्य वाटत नाही.

आणखी दोन उणिवा. १ जीबी रॅमच्या मशीनवर डीएनएफ (पॅकेजं बसवणारं साधन) मेमरी खाऊन मध्येच बंद पडतं. स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) करा किंवा २ जीबी घ्या. आणि इमेजमॅजिकसारखी नेहमीची पॅकेजं मूळ साठ्यात नाहीत, ईपेल हा जादा साठा जोडावा लागतो.

फायदा मात्र रोज दिसतो. ७ मधल्या ओपनएसएसएल १.०.२ ला टीएलएस १.३ येत नव्हतं आणि त्या अपाचीत एचटीटीपी/२ (पान जलद पोचवायची पद्धत) नव्हतं. ९ मध्ये दोन्ही आहे. कर्नल ५.१४ मध्ये बीबीआर (कमकुवत जोडणीवरही वेग राखायची पद्धत) मिळतं, ते चालू करावं लागतं. जांबोटी, कणकुंबीकडे सिग्नल एक-दोन काड्यांवर असतो. तिथल्या पालकांना शाळेचं पान आता लवकर उघडतं, हे मी तिथे जाऊन त्यांच्या फोनवर पाहिलंय. पावसाळ्यात माझ्याकडची लाइन आणि वीज जाते, म्हणून लांबलचक काम नेहमी टीमक्समध्ये करतो. कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतात, आणि रीबूट लागणार का ते ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ सांगतं. तेवढा मी रात्री हातानं करतो.

सिस्टीमला मोठी मुदत आहे म्हणून वरचं पीएचपी विसरू नका. त्याची मुदत वेगळी चालते. मूळ प्रकल्पाकडून ८.१ च्या दुरुस्त्या २०२५ अखेरपर्यंतच होत्या. वर्डप्रेसनं जुलै २०२४ च्या ६.६ मध्येच पीएचपी ७.० आणि ७.१ सोडलं.

मे २०२५ मध्ये आल्मालिनक्स १० आली. मी ती चाचणीच्या मशीनवर घातली आहे, ग्राहकांच्या नाही. ९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ मे २०३२ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा घाईचं कारण नाही. ८ वर असाल तर मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे, फक्त शेवटच्या उन्हाळ्यावर ठेवू नका. उबंटू २०.०४ वर असाल तर तिची नेहमीची मुदत मे २०२५ मध्येच संपलीय.

आणि जे अजून ७ वर आहेत त्यांनी नवीन मशीन याच आठवड्यात उभी करून साइटची प्रत तिच्यावर चालवून बघावी. डीएनएस वळवण्याचा दिवस तेवढा निवडा: दुकानवाल्यांनी गणपतीनंतरचा पितृपंधरवडा, सौहार्दवाल्यांनी वार्षिक सभा उरकल्यावर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस, ऊसवाल्यांनी मोळी टाकायच्या आत.