भामरागड आणि नागपूर : शल्यचिकित्सकापर्यंतचे अंतर

नागपुरात दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाचे सीटी स्कॅन तासाभरात होऊ शकते आणि मेंदूत रक्तस्राव आढळला, तर न्यूरोसर्जन त्याच शहरात असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला तसाच अपघात घडला, तर आलापल्ली, गडचिरोली आणि शेवटी नागपूर असा तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता रुग्णाला कापावा लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला, की तोही बंद होतो.

केवळ सर्जनचे पद भरल्याने ही दरी बुजत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि रात्रपाळीच्या प्रशिक्षित परिचारिका नसतील, तर कुशल सर्जनलाही सिझेरियनची रुग्ण पुढे पाठवावी लागते. शहरात ही साखळी सहसा एकाच इमारतीत असते, शिवाय दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची सोयही असते.

नियोजित शस्त्रक्रियांत मात्र चित्र थोडे बरे आहे. हर्निया, हायड्रोसील (अंडकोशात पाणी साठणे) यांसाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरगावचे सर्जन शिबिरे घेतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक शस्त्रक्रियांचा खर्चही वाचतो. तरीही एक्स-रेची पिशवी उराशी धरून वॉर्डाबाहेर चटईवर झोपणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, जेवणखाण आणि टाके काढण्यासाठीची पुढची खेप यांचा भार गावच्या कुटुंबावरच पडतो. नागपूरकर मात्र संध्याकाळी घरी परततो.