सिव्हिलायझेशन ६, आठ महिन्यांनंतर: सगळा राग त्या एका स्काऊटवर

गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा पंखा गेला. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, आतली धूळ पाहिली आणि विचारलं, "व्हिडिओ एडिटिंग करता का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. बेचाळीस वर्षांचा माणूस रात्री दीड वाजेपर्यंत सिव्हिलायझेशन ६ या पाळीपाळीने राज्य वाढवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये गांधीजींना राजा करून विहिरी बांधत बसतो, हे काउंटरवर चारचौघांत कसं सांगणार? मशीन चार दिवस दुकानात आहे, तेव्हा मुलीच्या टॅबवर हे लिहून घेतो.

आधी पैशांचं. मे २०२० मध्ये हा गेम एपिक या ऑनलाइन गेम-दुकानात आठवडाभर फुकट वाटला होता. फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, म्हणून मी घेतला नाही. मग गेल्या दिवाळीत सेलमध्ये विकत घेतला, आणि हौसेने राइज अँड फॉल व गॅदरिंग स्टॉर्म ही दोन्ही एक्स्पान्शनही (मूळ गेमला जोडायचे वाढीव भाग) घेतली. नंतर भाचा म्हणाला, "मामा, गॅदरिंग स्टॉर्म घेतलं की राइज अँड फॉलचे नियम त्यात येतातच. येत नाहीत ते फक्त त्यातले देश आणि राजे." हे आधी कोणी सांगितलं असतं तर! तुम्ही नवे असाल तर निदान एवढं वाचून पैसे वाचवा.

मला लढाईत रस नाही. शहरं वसवावीत, कालवे काढावेत, व्यापारी पाठवावेत, एवढीच इच्छा. अवघडपणाची पातळी प्रिन्स, कारण तिथे संगणकाला जादा सवलत नसते आणि आपल्यालाही नसते. पण शांतपणे राज्य वाढवायचं म्हटलं तरी पहिल्या पन्नास टर्नमध्ये (म्हणजे पाळ्यांमध्ये) एक प्राणी आडवा येतो. बार्बेरियनांचा, म्हणजे कुठल्याच देशाच्या नसलेल्या रानटी टोळ्यांचा, स्काऊट (टेहळ्या).

हा येतो, तुमचं शहर बघतो, डोक्यावर उद्गारचिन्ह लावतो आणि उलट पावली पळतो. तो तळावर पोचला की तिथून टोळी निघालीच. तळाजवळ घोडे असतील तर घोडेस्वार येतात. माझा वॉरियर (साधा पायदळ सैनिक) एका टर्नला दोन टाइल, म्हणजे नकाशावरची घरं, चालतो, हा तीन. दुसरीतल्या पोराचा हिशोब आहे, मागे धावून तो हाती लागणार नाही. तरी मी पहिले दोन महिने मागेच धावलो! पाच गेम त्यात गेले. एकदा तर सेटलर (नवं शहर वसवणारा) एकटा पाठवला होता, तो त्यांनी उचलून नेला. त्या रात्री जेवलो नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण भाजी गार झाली हे खरं.

उपाय साधा आहे, कळायला मात्र वेळ लागला. स्काऊट कुठून आला ते बघा आणि त्याच्या परतीच्या वाटेवर आधीच माणूस उभा करा. दुसरं म्हणजे, कोणाच्याही नजरेत असलेल्या टाइलवर तळ उगवत नाही. म्हणून स्लिंगर (गोफणवाला सैनिक) शहरात झोपवू नका, जवळच्या टेकडीवर बसवा. एक वॉरियर आणि दोन स्लिंगर एवढ्यावर माझं राज्य आता सुखात चालतं. मी आधी एकही सैनिक बनवत नव्हतो, सगळं उत्पादन मॉन्युमेंट (स्मारक) आणि बिल्डर (शेतं-विहिरी बांधणारा) यांवर. शांततावादी ना आम्ही!

मध्यंतरी वैतागून गेम सुरू करतानाच 'नो बार्बेरियन्स'वर टिचकी मारली. तेव्हाच हा रिव्ह्यू लिहिला असता तर "बंद करा आणि सुखी व्हा" असं लिहिलं असतं. पण तो गेम मीठ नसलेल्या पिठल्यासारखा झाला. शिवाय नुकसानही होतं. स्लिंगरने एखादा मारला की आर्चरीच्या (धनुर्विद्येच्या) शोधाचं चाळीस टक्के काम आपोआप होतं, तीन बार्बेरियन मारले की ब्राँझ वर्किंगच्या शोधालाही तसाच बूस्ट, तळ उठवला की सोनं. एवढं फुकटात मिळत असताना सोडायचं? पुन्हा चालू केले. तेव्हा तीन तारे देणार होतो, आता चार.

शेजारच्या देशांचं (ते संगणक चालवतो) त्या मानाने सोपं आहे. ओळख झाली त्याच टर्नला २५ सोनं मोजून डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवा, पहिल्या भेटीत सहसा घेतात, नंतर नाकं मुरडतात. मग मैत्रीचा करार. तो असेपर्यंत समोरचा युद्ध पुकारूच शकत नाही, आणि तो तीस टर्न चालतो. तीस! कॅलेंडरवर लिहून ठेवा. सुमेरचा राजा गिल्गामेश गळ्यात गळा घालतो. इजिप्तच्या क्लिओपात्राला दुबळं सैन्य बघवत नाही. एकदा तिचा करार संपला ते माझ्या लक्षात आलं नाही आणि दोन टर्नमध्ये तिचे रथ दारात. भिंती होत्या म्हणून वाचलो. सीमेवरच्या शहराला भिंत घाला, गरज वाटत नसतानाच घाला.

शहर कुठे वसवायचं? गोड्या पाण्यालगत. तिथे घरांची मर्यादा (म्हणजे शहरात किती लोकसंख्या मावते) पाचपासून सुरू होते, किनाऱ्यावर तीन, कोरड्या जागी दोन. पहिली तीन शहरं नदीवर, मग बाकीचं. सेटलरसाठी कॉलनायझेशनचं कार्ड (राज्याचं धोरण ठरवणारं) लावा, ५० टक्के जादा उत्पादन मिळतं. शंभराव्या टर्नपर्यंत माझी सहा-सात शहरं होतात, माझ्यासारख्याला पुरे.

भारत घेतला तर स्टेपवेल बांधता येते. म्हणजे आपली बारव. घरंही वाढतात, अन्नही, आणि शेताला लागून असेल तर अन्न आणखी. फक्त टेकडीवर होत नाही आणि दोन शेजारी-शेजारी नाहीत. पहिल्यांदा नकाशावर दिसली तेव्हा साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर आठवली आणि उगाच कंठ दाटला. (जुन्या गेममधल्या बगमुळे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे, गांधीजी अणुबाँब टाकतात ती गोष्ट मात्र सांगू नका. ती खरी नव्हती हे या गेम-मालिकेचे जनक सिड मायर यांनीच २०२० मध्ये लिहिलंय.)

आणि मग लॉयल्टी, म्हणजे शहराची राज्यावरची निष्ठा. हिच्यासाठी सगळे पैसे वसूल. नऊ टाइलच्या आतली लोकसंख्या एकमेकांच्या शहरांवर दाब टाकते. क्लिओपात्राचं एक शहर माझ्या तीन मोठ्या शहरांच्या मधे अडकलं होतं, तिचा डार्क एज (पडता काळ, निष्ठेचा दाब कमी), माझा गोल्डन (भरभराटीचा, दाब जास्त). आधी ते तिच्या हातून निसटून स्वतंत्र झालं आणि काही टर्नने आपणहून माझ्याकडे आलं. एक बाण सुटला नाही. मी खुर्चीतून उठून बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, "बरं." हेच उलटंही होतं हं. हस्तिदंताच्या मोहापायी लांब वसवलेलं माझं शहर असंच गेलं. गव्हर्नर (शहर सांभाळणारा अधिकारी) नेऊन बसवला असता तर दर टर्नला आठ लॉयल्टी मिळाली असती, पण तो राजधानीत आराम करत होता.

दुकानदाराचा आत्ताच फोन आला, पंखा बदललाय, उद्या या. सेव्ह २१२व्या टर्नवर आहे आणि क्लिओपात्राच्या मैत्रीचे चार टर्न उरलेत.