गंगापूर रोडवरील कॉस्मेटिक सर्जरी क्लिनिक : आम्हाला मिळालेला नकार

माझ्या 22 वर्षांच्या भाचीला नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायची होती, म्हणून मी तिला घेऊन या क्लिनिकमध्ये गेले. त्याआधी नाशिकमध्येच दुसऱ्या एका ठिकाणी पंधरा मिनिटांत संगणकावर नवे नाक दाखवून आगाऊ रक्कम मागितली गेली होती. येथे मात्र डॉक्टर तिच्याशी पाऊण तास बोलले.

नाकाचा विचार दिवसातले किती तास मनात असतो, त्यापायी कुठे जाणे टाळले का, शस्त्रक्रियेनंतर आयुष्यात नेमके काय बदलेल असे वाटते, हे त्यांनी शांतपणे विचारले. तिने मोबाइलमधला स्वतःचा फोटो बोटांनी मोठा करत नेला आणि "हा उंचवटा बघा" म्हणाली. मला तिथे नुसती त्वचा दिसत होती. रोज दोन-दोन तास ती दार लावून आरशासमोर उभी असते, हे मला तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा कळले. घरात आम्ही सगळे ती नटण्याची हौस समजत होतो, याचे मला फार वाईट वाटते.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस स्पष्ट नकार दिला. ही लक्षणे बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची, म्हणजे इतरांना जवळजवळ न दिसणाऱ्या व्यंगाची खंत सतत मनात घोळत राहण्याच्या मानसिक आजाराची वाटतात, पण निदान मनोविकारतज्ज्ञच करतील, असे सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. इटलीचे मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी 1891 मध्येच वर्णन केलेला हा आजार साधारण 2 टक्के लोकांत आढळतो आणि सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. अशा रुग्णाचे शस्त्रक्रियेने क्वचितच समाधान होते, कारण खंत तिथेच राहते किंवा दुसऱ्या अवयवावर सरकते. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) आणि एसएसआरआय गटातील (नैराश्यावरही दिली जाणारी) औषधे यांनी मात्र आराम पडतो, फक्त औषधांना काही आठवडे द्यावे लागतात.

तक्रारी दोन आहेत. तपासणीचे शुल्क आधी सांगितले जात नाही. आणि प्रतीक्षाकक्षातला तो भिंतभर आरसा कृपया काढावा. तासाभरात भाची त्याच्यासमोर सहा वेळा जाऊन आली.

आठ दिवसांनी क्लिनिकमधून फोन आला, मनोविकारतज्ज्ञांकडे गेलात का, एवढेच विचारण्यासाठी. आम्ही आदल्याच दिवशी जाऊन आलो होतो.